वडिलांचे पाय उंबऱ्याशीच का थिजतात?

प्रश्न (सेलू, जि. परभणी):
माझ्या वडिलांना पार्किन्सन होऊन सहा वर्षे झाली. अंगणात ते बरे चालतात. पण माजघराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. भाकरी मोडायला फार वेळ लागतो म्हणून त्यांनी चारचौघांत जेवणेही सोडले आहे. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार सुचवला. मात्र घरच्यांनी त्याचा अर्थ ‘कामधंदा शिकवणे’ असा घेतला आणि या वयात तो कशाला, म्हणून विषय तिथेच राहिला. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर १ (व्यवसायोपचारतज्ज्ञ, लातूर):
नावामुळे हा घोटाळा नेहमीच होतो. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामे. पार्किन्सनमध्ये मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालींना मदत करणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी घटल्या की सवयीने आपोआप होणाऱ्या हालचाली अडखळतात. परंतु डोळ्यांना किंवा कानांना एखादी खूण मिळाली, तर तीच हालचाल माणूस लक्ष देऊन करू शकतो. म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे एकेका पावलाच्या अंतरावर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवून पाहा. पाय थिजले असता त्यांना ओढू नका. थांबू द्या, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग पाऊल टाकायला सांगा. चालताना त्यांच्याशी बोलू नका, हातात भरलेला तांब्या तर मुळीच देऊ नका. अंघोळीसारखी कामे औषधाचा अंमल असताना उरकावीत. ताटाला उंच कड असावी, चमच्याची मूठ जाड असावी.

उत्तर २ (अंबाजोगाई):
आमच्या घरी पट्ट्यांची गरजच पडली नाही, कारण शहाबादी फरशीचे सांधे आईला पुरले. ती माळकरी असल्याने टाळाच्या ठेक्यावर पाऊल अधिक सहज उचलते. भाकरी मात्र आम्ही वरणात आधीच कुस्करून देऊ लागलो, आणि ते मला आजही चुकीचे वाटते. तिला वेळ दिला असता तर ती स्वतः कुस्करू शकली असती.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर):
पुरावा संमिश्र आहे, हेही लक्षात घ्यावे. नेदरलँड्समधील १९१ रुग्णांच्या २०१४ सालच्या अभ्यासात दहा आठवडे घरी येऊन दिलेल्या व्यवसायोपचाराने रुग्णांना स्वतः निवडलेली कामे अधिक चांगली जमू लागल्याचे जाणवले; ब्रिटनमधील ७६२ रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासात मात्र सौम्य ते मध्यम आजारात फिजिओथेरपीसह दिलेल्या मोजक्याच सत्रांनी लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे तज्ज्ञांनी घरी येऊन तो उंबरा प्रत्यक्ष पाहावा, असा आग्रह धरा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पट्ट्या आजच लावतो, आणि भाकरी त्यांची त्यांनाच मोडू देतो.