गाडी मिसिंग करतेय? गॅरेजआधी घरी बघा

दहानंबरी_पाना:
मत मांडतो, जोडे पडले तरी चालतील. इंजिन थरथरायला लागलं, पिकअप गेला की आपण चावी गॅरेजवाल्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "बघा जरा." तो बघतोच, बिलासकट! माझं म्हणणं, दोषाचं निदान घरीच करावं. दुरुस्ती जमली तर उत्तम, नाहीतर दोष सांगून गाडी द्यावी.

मेहुण्यांची पेट्रोल हॅचबॅक चढावर गचके देत होती. गॅरेजचा अंदाज : इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) सफाई, चारही प्लग, चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या). मी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, खोचला. मोबाइलवर कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन थंड असताना, इग्निशन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, एक चक्कर मारली. आता पी०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइलच मेली. एक कॉइल बदलली, विषय संपला.

मिस्त्री_सांगलीचा:
साहेब, सगळ्यात सोपं उदाहरण निवडलंत. पी०१७१ येऊ द्या, मग बोलू. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, एवढंच तो कोड सांगतो. गिऱ्हाईक ऑनलाइन ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) मागवून स्वतः बसवतं, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा परत लागतो, मग माझ्याकडे येतं. निघतं काय? इनटेकचा चिरलेला रबरी पाइप, नाहीतर दमलेला पेट्रोल पंप. सेन्सर बिचारा खरं बोलत होता. कोड तक्रार सांगतो, कारण नाही.

आणि प्लगचं काय? प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं. गरम इंजिनवर वाकडा प्लग धरून पान्याने रेटला की आटे गेले. मग दोनशे रुपयांच्या प्लगसाठी हेड उतरवायची पाळी.

दहानंबरी_पाना:
म्हणून तर थंड इंजिन म्हटलं. प्लग आधी बोटांनी फिरवत बसवायचा, पाना शेवटी. एवढं शिकायला आयटीआय लागत नाही.

मृण्मयी_ठाणे:
मला बोनेटखाली हात काळे करायचे नाहीत, पण फसायचंही नाही. सकाळी गाडी नुसती टकटक करायची, चालू व्हायची नाही. एका ठिकाणी सांगितलं, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) गेला. घरी मल्टिमीटर होता. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. शेजारच्या काकांनी धक्का मारून दिला, इंजिन चालू झालं तेव्हा १४.२. साधारण १३.८ ते १४.४ मिळाले तर अल्टरनेटर चार्जिंग करतोय. मग टर्मिनलकडे लक्ष गेलं, पांढरी-हिरवी बुरशी नुसती! आधी निगेटिव्ह काढून, खायचा सोडा, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, एवढ्यात काम झालं. पाना, तुम्हाला +१.

घाटमाथा_डिझेल:
पेट्रोलवाल्यांनो, चालू द्या. पण डिझेलवाल्यांनी हे वाचून पाना उचलू नये. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजेक्टरचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते शोधायचे, आमचे वडीलही तेच करायचे. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांत, तो प्रकार करायचाच नाही. दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त. डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते.

कुर्ल्याचा_पाऊस:
माझा धाग्यालाच विरोध. "घरी बघू" या सवयीने सगळ्यात जास्त इंजिनं पावसात मरतात. गाडी पाण्यात बंद पडली की माणूस काय करतो? सेल्फ मारून बघतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं आणि पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ पाहिलेल्याला हे सांगावं लागू नये. वर इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल, तर साध्या पॉलिसीत विमा कंपनी बहुतेक वेळा हात वर करते. तिथे घरचं निदान एकच : चावीला हात लावू नका, टोइंग बोलवा.

दहानंबरी_पाना:
हेही निदानच झालं की! बंद का पडली ते कळलं म्हणूनच सेल्फ मारायचा नाही हे कळलं. मिस्त्री, तुम्ही बदललेला जुना पार्ट पुरावा म्हणून डिकीत ठेवून देत जा, आम्ही स्कॅनर घ्यायचं बंद करतो.

मिस्त्री_सांगलीचा:
देतोच. मागायच्या आधी देतो. स्कॅनरही खुशाल घ्या, फक्त माझ्याकडे यायच्या आधी कोड पुसू नका. कोड आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती, हे ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, टिपून ठेवलेलं असतं. तुम्ही 'क्लिअर' दाबलं की तेही जातं. मग मी अंधारात चाचपडतो आणि त्या तासांचे पैसे तुम्हालाच लागतात. आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर "गॅरेजपर्यंत जाऊ हळूहळू" करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर कमी विषारी करणारा भाग) भाजून काढतं. त्याची किंमत विचारून बघा एकदा.