अनुभव धागा: अनोळखी मोठ्या तळ्यावर पहिल्यांदा मासे धरायला गेलात तेव्हा

धरमपेठ, नागपूर

मार्चमध्ये दादाकडे डॅलसला जातोय. तिथून पूर्वेला लेक फोर्क आहे. आयुष्यात पहिल्यांदा बास (तिथला गोड्या पाण्यातला मासा) धरायला जायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. तळं आहे सुमारे 27,000 एकरांचं. एवढ्या पाण्यात सुरुवात कुठून करायची?

या प्रश्नावर मला आंभोऱ्याचा पहिला दिवस आठवतो. गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, कुहीमार्गे पहाटेच पोचलो. तीन रॉड, पिशवीभर ल्युअर, म्हणजे नकली आमिषं. दुपारपर्यंत पाच जागा बदलल्या, एकही ओढ नाही. डोंग्यातून जाळं काढत असलेले एक धिवर काका बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "भाऊ, अख्खं पाणी कायले पाहून राहिले? हा एक नाला धरा नं."

जुना नाला जिथं पाण्यात उतरतो तिथं इकॉर्नियाच्या (जलपर्णीच्या) गालिच्याला खिंड पडली होती. रबरी बेडूक पानांवर टाकून हळूहळू ओढत राहिलो. पाऊण तासानं पानं हलली, 'टप्प' असा आवाज झाला आणि बेडूक दिसेनासा झाला. लगेच झटका न देता एक-दोन अंक मोजले, मग ओढलं. मरळ होती. डोकं थेट सापासारखं, जबड्यात बारीक दात. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे इथवर येतं, त्यामुळे खायला न नेता सोडून दिली. पण तो नाला मी कधीच विसरणार नाही.

तुमची पहिली वेळ कशी होती? काय चुकलं, काय जमलं, सविस्तर लिहा.

प्लेनो, टेक्सास (मूळ महाल, नागपूर)

फोर्कवर माझा पहिला दिवस वाया गेला तो बुंध्यामुळे. 1980 मध्ये पाणी अडवलं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. आज तीच बासची घरं आहेत. खुणांच्या बोयांनी आखलेली वाट सोडून मी बोट जोरात नेली, इंजिनाचा पंखा बुंध्यावर आदळला आणि दुसऱ्याच्या बोटीला दोरानं बांधून परतलो. वाट सोडलीत की बोट अगदी सावकाश न्या.

मार्चमध्ये पाणी 15 ते 18 अंश सेल्सिअसवर आलं की बास अंडी घालायला उथळ खाड्यांत येतात. एकच खाडी निवडा, काठापासून कंबरभर पाण्यापर्यंत नीट चाळा. उत्तरेचा गार वारा सुटला तर मासे खाडीच्या तोंडाशी, खोल बाजूला सरकतात, तेव्हा तुम्हीही सरका. परवाना दोघांनाही लागेल. 16 ते 24 इंचांमधला बास पाण्यात परत सोडावाच लागतो. तरी जाण्याआधी नियम पुन्हा वाचा. टेक्सासचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 मध्ये याच तळ्यात मिळाला. पहिल्या दिवशी गाईड घ्या. ते पैसे वाया जात नाहीत.

मनीषनगर, नागपूर

इटियाडोह धरणावर मी आणि नवरा गेलो होतो. सकाळी पाणी आरशासारखं, म्हणून लाइफ जॅकेट गाडीतच ठेवली. दुपारी वारा सुटला, लाटा डोंग्याच्या काठावरून आत यायला लागल्या. नावाडी अनुभवी होता म्हणून काठाला लागलो. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून जाताना वाऱ्याच्या समोर जातो, म्हणजे दमलेलं असताना परतीला वारा पाठीशी असतो. जॅकेट बोटीत पाय ठेवायच्या आधी अंगात.

पवनी, जि. भंडारा

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर आहे. नागपूरहून हौशी लोक येतात, आनंदच आहे. पण बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, तेव्हा आधी विचारा. जाळ्याच्या खुणांजवळ गळ टाकू नका, दोन्हीकडचं नुकसान होतं.

आणि पावसाळ्यात लाल पिल्लांचा थवा वर येताना दिसला तर खाली मरळ राखण करत असते. ती अंगावर धावून येते, म्हणून सहज धरता येते. धरू नका. ती गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

गोधनी, नागपूर

तोतलाडोहचा बेत कुणी करत असेल तर सोडून द्या. व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, मासेमारीला बंदी आहे. माझी एक युक्ती: गूगल अर्थवर धरणाची उन्हाळ्यातली जुनी चित्रं पाहा. पाणी उतरलेलं असतं, बुडालेले नाले, रस्ते, शेतांचे बांध स्वच्छ दिसतात. कागदावर काढून घ्या.

धरमपेठ, नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाशी आत्ताच बोललो. एक खाडी, दोन रॉड, पहिल्या दिवशी गाईड. जॅकेटची मापं त्यानं विचारून ठेवलीत. फोर्कची जुनी चित्रं आज रात्री काढायला बसतोय.