आठव्या महिन्यात बाळाचे वजन थांबले आहे. वरणाचे पाणी आणि पेज कमी पडते आहे का?

प्रश्न (आठ महिन्यांच्या मुलाची आई, अंबाजोगाई तालुका)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी १८० दिवसांची प्रसूती रजा संपून दोन महिने झाले. माझा मुलगा पूर्ण दिवसांचा जन्मला आणि जन्माच्या वेळी त्याचे वजन २.८ किलो होते. पहिले सहा महिने त्याला केवळ माझे दूध दिले. चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी वजन ५.९ किलो भरले, सहा महिने पूर्ण झाले तेव्हा ७.२ किलो झाले आणि आज, आठ महिने पूर्ण झाल्यावर, ते ७.३ किलो आहे. म्हणजे दोन महिन्यांत केवळ १०० ग्रॅम वाढ झाली. लसीकरणाच्या ठिकाणी प्रत्येक वेळी वजन केले गेले, आकडाही कार्डावर लिहिला गेला, परंतु आतल्या आलेखावर ठिपका एकदाही मांडला गेला नाही आणि बाळ काय खाते हे कोणी विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सहाव्या महिन्यात उष्टावण झाले. तेव्हापासून सकाळी वरणाचे पाणी, दुपारी तांदळाची पेज आणि संध्याकाळी दुधात भिजवलेले बिस्किट असा त्याचा आहार आहे. मी साडेनऊला घराबाहेर पडते आणि पाचला परत येते. त्या वेळात सासूबाई त्याला गाईचे दूध निम्मे पाणी घालून बाटलीने पाजतात, आणि रोज सकाळी गुटीही उगाळून देतात. त्या अतिशय मायेने सांभाळतात, त्यामुळे त्यांना दुखवून काही बदलावे असे मला वाटत नाही. दात आलेले नाहीत, मग घट्ट अन्न कसे पचेल, असे त्यांचे म्हणणे आहे. शेजारच्या एका बाईंनी बाजारातील डब्याचे पीठ सुरू करण्यास सांगितले. माझे दूध आता पातळ झाले असेल, ते बंद करावे, असेही काही जण सुचवतात. मी नेमके काय करावे?

उत्तर १ (निवृत्त बालरोगतज्ज्ञ, लातूर)

ताई, आपण चारही वजने वयानिशी लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मधल्या पानांवर मुलांसाठी निळा आणि मुलींसाठी गुलाबी आलेख असतो. मुलाचा आलेख उघडा, खालच्या ओळीवर वयाचे महिने शोधा, डाव्या बाजूला वजन शोधा आणि दोन्ही जेथे मिळतात तेथे पेनाने ठिपका द्या. चारही ठिपके जोडल्यावर आपल्याला दिसेल की सहाव्या महिन्यापर्यंत रेघ वर चढत होती आणि नंतर ती जवळपास आडवी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार आठ महिन्यांच्या मुलाचे मध्यम वजन ८.६ किलो आहे आणि ६.९ किलोच्या खाली मूल कमी वजनाचे धरले जाते. आपला मुलगा आज आलेखावरच्या हिरव्या, म्हणजे सामान्य वजनाच्या, पट्ट्यातच आहे, म्हणून घाबरू नका. परंतु या वयात महिन्याला साधारण ३०० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, ती थांबली आहे. एका वेळच्या आकड्यापेक्षा रेघ कोणत्या दिशेने चालली आहे हे मला नेहमीच अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे.

कारण बहुधा आपल्या वर्णनातच आहे. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० ते २२० मिलिलिटर अन्न मावते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी मिळाव्या लागतात. आता विचार करा की ते इवलेसे पोट वरणाच्या पाण्याने भरले, तर त्यात पाणी, हळद आणि मीठ यांखेरीज फारसे काही जात नाही. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि मोठी माणसे ती खातात. पेजेचेही तसेच. बाळाचे पोट भरते, ते शांत झोपते, आणि घरातल्या सर्वांना ते जेवले असे वाटते. माझ्या दवाखान्यात ‘खातो चांगला, पण अंगी लागत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांना मी पहिला प्रश्न हाच विचारत असे की बाळाला वरण देता की वरणाचे पाणी.

घट्टपणा ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. अन्न चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. ते ओघळून पडले तर पातळ आहे, चमच्याला धरून राहिले आणि हळूच सरकले तर योग्य आहे. दात नसले तरी या वयाचे बाळ हिरड्यांनी मऊ अन्न चावते, म्हणून दातांची वाट पाहण्याचे कारण नाही. उलट नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळीचे अन्न दिले नाही, तर पुढे काही मुले ते तोंडात घेण्यासच तयार होत नाहीत. वरण-भात किंवा मुगाची खिचडी गाळून घेऊ नका, मिक्सरमध्येही फिरवू नका. वाटीत हाताने कुस्करा आणि प्रत्येक वेळी चहाचा एक चमचा साजूक तूप किंवा तेल घाला, त्यातून सुमारे ४५ कॅलरी अधिक मिळतात. दिवसातून तीन वेळा जेवण द्या आणि प्रत्येक वेळी अर्ध्या वाटीपर्यंत हळूहळू न्या. नऊ महिन्यांनंतर मध्ये एकदा केळे, उकडलेले रताळे किंवा घट्ट दही यांची भर घाला.

आपले दूध पातळ झालेले नाही. ते बंद करू नका. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही ते चालू ठेवावे, अशीच शिफारस आहे. बाटली मात्र आजच बंद करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण तिच्या बुचाच्या खाचेत राहिलेल्या दुधात जंतू वाढतात आणि जुलाबाने आठवड्यात जे वजन जाते ते भरून यायला महिना लागतो. निम्मे पाणी घातलेले गाईचे दूध पोट भरते, पण पोषण अर्धेच देते. शिवाय गाईच्या दुधात लोह फार कमी असते आणि एक वर्षाच्या आत ते मुख्य पेय म्हणून दिल्यास काही बाळांच्या आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होऊन रक्तक्षय वाढतो. वर्षाच्या आत खिचडीत किंवा दह्याच्या रूपात थोडे दूध चालते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. म्हणून सहाव्या महिन्यापासून आरोग्य केंद्रातून लोह व फॉलिक ॲसिडचे औषध आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर, दिले जाते; ते सुरू नसेल तर आशाताईंकडून मागून घ्या.

गुटीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिची गरज नाही. सहाणेवर उगाळताना त्या दगडाची आणि पाण्याची स्वच्छता राखणे फार अवघड असते, आणि मध घालत असाल तर एक वर्षाच्या आत तो मुळीच देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. बाजारातील डब्याची आपल्याला आवश्यकता नाही. दोन वर्षांखालील बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ मधील दुरुस्तीने बंदी आहे, ती विचारपूर्वकच घातलेली आहे.

एवढा बदल करून एका महिन्याने पुन्हा वजन करा. तरीही वाढ दिसली नाही, तर बाळाला प्रत्यक्ष तपासून रक्त आणि लघवीची तपासणी करावी लागेल, कारण लघवीतला जंतुसंसर्ग अनेकदा दुसरे कोणतेही लक्षण न दाखवता वजन रोखून धरतो. बाळ मलूल झाले, स्तनपान सोडले किंवा पायांवर सूज दिसली, तर मात्र महिनाभर थांबू नका.

उत्तर २ (अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा)

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले सर्व योग्य आहे. ताई, आपल्या गावच्या अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, तेथे बाळाला अवश्य न्या आणि आलेखावर ठिपका आपल्यासमोर मांडायला सांगा. तो आपला हक्क आहे. आम्ही दंडाचा घेरही पट्टीने मोजतो. ११.५ सेंटीमीटरच्या आत घेर असला तर बाळ तीव्र कुपोषित धरतो आणि ११.५ ते १२.५ मध्ये असला तर मध्यम. आपल्या बाळाचा घेर बहुधा याहून जास्त भरेल, तरी एकदा पाहून घ्यावे.

आमच्या भागातील अनेक कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. सात-आठ महिन्यांचे लेकरू घेऊन आई पहाटे फडात उतरते आणि लेकराला दिवसभर चहात बुडवलेले बिस्किट मिळते. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, आणि बिस्किटात साखर व मैद्याखेरीज काही नसते. अशा आयांना निघण्यापूर्वी मी एक भरड करून दाखवते: गहू आणि मूग रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद आचेवर भाजायचे आणि बारीक दळून कोरड्या डब्यात भरायचे. मोड आलेल्या धान्याच्या पिठाची लापशी शिजवताना आपोआप सैल होते, म्हणून तेवढ्याच पाण्यात पीठ जास्त घालता येते आणि लेकराच्या पोटात पाण्याऐवजी धान्य जाते. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट आणि तेल घालायचे. आपण शाळेत असताना सासूबाईंनाही पाच मिनिटांत ही लापशी करता येईल. अख्खा शेंगदाणा, फुटाणा किंवा द्राक्ष मात्र लेकराच्या हाती कधीही देऊ नये. आमच्या वस्तीवर घशात फुटाणा अडकलेले एक मूल मी स्वतः पाहिले आहे.

उत्तर ३ (आजी, धाराशिव)

मुली, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने मला थोडे लिहावेसे वाटले. मीही दोन नातवंडे सांभाळली आणि पहिल्या नातवाला मीसुद्धा वरणाचे निवळच पाजत होते, कारण माझ्या सासूबाईंनी मला तसेच शिकवले होते. लेकराला जड पडू नये, ही एवढीच भीती त्यामागे असते. सून काही बोलली असती तर मला कदाचित राग आला असता. पण नातवाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला जवळ बसवून एका वाटीत निवळ आणि दुसऱ्या वाटीत घोटलेले वरण ठेवले आणि विचारले की शेतात राबणाऱ्या गड्याला तुम्ही यांतले काय वाढाल. त्या दिवसापासून मी निवळ बंद केले. पुढच्या वजनाला सासूबाईंना सोबत ने आणि आलेखाची ती आडवी रेघ त्यांच्या डोळ्यांनी पाहू दे.

आपल्याकडे ज्वारी घरोघरी आहे. ज्वारीच्या बारीक कण्या आणि मुगाची डाळ सारख्या मापाने घेऊन कुकरमध्ये चार शिट्ट्या जास्त दे, म्हणजे हाताने कुस्करता येईल इतके मऊ होते. वरून तूप, लिंबाचे दोन थेंब आणि पालकाची किंवा शेवग्याची थोडी पाने शिजवून घाल. मीठ वर्षाच्या आत लागत नाही. लेकराला चव ठाऊक नसते, ती आपल्या जिभेला लागते. भरवताना त्याला मांडीवर आडवे घेऊ नकोस, टेकून बसव. तोंड उघडले की घास द्यायचा आणि मान फिरवली की थांबायचे. मोबाइल दाखवून भरवलेले लेकरू किती खाल्ले ते ओळखायला शिकत नाही.

उत्तर ४ (परिचारिका, परभणी, दोन मुलांची आई)

मी नोकरी सांभाळून दोन्ही मुलांना दूध काढून ठेवत असे, म्हणून तेवढेच लिहिते. सकाळी निघण्यापूर्वी बाळाला एका बाजूने पाजा आणि दुसऱ्या बाजूचे दूध हात स्वच्छ धुऊन उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढा. फ्रीजमध्ये ते २४ तास निर्धोक राहते. थंड खोलीत झाकून ठेवलेले दूध चार तासांत वापरावे; परंतु आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या वर असतो आणि वीजही जाते, तेव्हा मी बाहेर ठेवलेल्या दुधावर विसंबत नसे. फ्रीजमधले दूध गॅसवर तापवू नये. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे आणि चमच्याने पाजावे. पहिले तीन-चार दिवस जेमतेम दोन-तीन चमचे दूध निघते, त्याने खचून जाऊ नका. मधल्या सुट्टीतही एकदा दूध काढले, तर दूध येणे टिकून राहते.

प्रश्नकर्तीचे उत्तर (सात आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजींनी सांगितल्याप्रमाणे सासूबाईंना अंगणवाडीत घेऊन गेले. सेविकाताईंनी ठिपके मांडून रेघ जोडली तेव्हा सासूबाई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या आणि घरी आल्यावर बाटली त्यांनी स्वतःच उचलून ठेवली. दंडाचा घेर १३.२ सेंटीमीटर भरला. कण्या आणि मुगाची खिचडी, दुपारी मोडाच्या पिठाची लापशी आणि एक दिवसाआड पूर्ण शिजवलेले अंडे असे सुरू आहे. पहिले दहा दिवस तो जिभेने अन्न बाहेर ढकलत होता, पण आम्ही धीर धरला. मध्ये दोन दिवस जुलाब झाले, तेव्हा ओआरएस आणि झिंक दिले, स्तनपान व खाणे चालूच ठेवले. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व ‘अ’चा डोस दिला, तेव्हा वजन ७.६ किलो होते. काल ते ७.९ किलो भरले. गुटी मात्र पूर्ण सुटलेली नाही, पण मध बंद झाला आहे.

एकच शंका आहे. लोहाचे औषध सुरू केल्यापासून त्याची शी काळपट होते. औषध थांबवावे का?

उत्तर ५ (निवृत्त बालरोगतज्ज्ञ, लातूर)

थांबवू नका. शोषले न गेलेले लोह बाहेर पडते, त्यामुळे शीचा रंग काळपट-हिरवट होतो आणि त्यात काळजीचे कारण नाही. शी डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त झाली किंवा तीत लाल रक्त दिसले, तरच दाखवावे. औषध जेवणानंतर जिभेच्या मागच्या बाजूला द्या आणि वर थोडे पाणी पाजा. गुटीच्या वेळी सासूबाईंना कुस्करलेले पिकलेले केळे बाळाला भरवायला सांगून पाहा. पुढचे वजन दहा महिने पूर्ण होतील तेव्हा करा आणि तो ठिपकाही मांडा.