लघुपट महोत्सवाचा प्रेक्षक दुपारनंतर का टिकत नाही? नाशिकमधील अनुभव हवेत

प्रश्न: गंगापूररोडकर

नमस्कार. आम्ही सहा-सात जण मिळून गेली दोन वर्षे नाशिकमध्ये एका दिवसाचा लघुपट महोत्सव भरवत आहोत. यंदा ३१ लघुपट दाखवले आणि सकाळी सभागृह भरलेलेही होते, परंतु पुढे जे दिसले ते मनाला लागून राहिले. ज्याचा लघुपट संपे तो दिग्दर्शक आपले कलाकार, मामा-मावश्या आणि शेजारी यांना घेऊन उठे, बाहेर पायऱ्यांवर छायाचित्रे काढी आणि निघून जाई. सायंकाळी बक्षीस समारंभाला मात्र सगळे पुन्हा हजर. सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाने रात्रपाळीवर केलेला नऊ मिनिटांचा लघुपट माझ्या मते दिवसातला सर्वांत चांगला होता. तो लागला तेव्हा सभागृहात १४ माणसे होती आणि त्यांतील पाच आमचेच स्वयंसेवक. शहरात चित्रपट करणाऱ्या आणि पाहणाऱ्या माणसांची एकमेकांशी ओळख व्हावी, एवढ्याच हेतूने आम्ही हे सुरू केले होते. काय चुकते आहे?

उत्तर: पंचवटीचा प्रेक्षक

३१ हा आकडाच चुकतो आहे. प्रत्येक लघुपट सरासरी १२ मिनिटांचा धरला तरी सहा तासांहून अधिक वेळ नुसते पाहण्यात जातो आणि बोलायला फट उरत नाही. आपण १२ लघुपट निवडावेत, चार-चारांची तीन सत्रे करावीत आणि प्रत्येक सत्रानंतर अर्धा तास चारही दिग्दर्शकांना एकत्र बसवून गप्पा ठेवाव्यात. चर्चा सत्र संपल्यावरच होणार असल्याने आपला लघुपट झाला की उठून जाण्याची सोय आपोआप बंद होते. एकाच महाविद्यालयाचे लघुपट एका सत्रात लावू नयेत, म्हणजे एकाचे मामा दुसऱ्याचा लघुपट पाहतील.

सूत्रसंचालकाची निवडही जपून करावी. "या विषयाची प्रेरणा कुठून मिळाली?" असे विचारले की दिग्दर्शक पाठ केलेले उत्तर देतो आणि सभागृह जांभया देते. त्याऐवजी "शेवटी आईने ताट का उचलले नाही?" असे थेट प्रेक्षकांना विचारावे. मागच्या रांगेतल्या काकू त्यावर असे काही सांगून जातात की दिग्दर्शक वही काढतो.

उत्तर: जुना फिल्म सोसायटीवाला

वरील सूचना योग्यच आहेत, पण त्या एका दिवसापुरत्या आहेत. वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसांची ओळख होत नाही, फार तर तोंडओळख होते. १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन झाली आणि पुढे ही चळवळ देशभर पसरली, ती नियमित खेळ आणि त्यानंतरच्या वादविवादांवर. आपल्याकडे गोदाकाठी मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते. वक्ता कोण हे न पाहताही तिथे येऊन बसणारी माणसे आहेत, कारण जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि पाय आपोआप तिकडे वळतात. आपणही महिन्याच्या एखाद्या ठरलेल्या शनिवारी, एखाद्या वाचनालयाच्या खोलीत, दोन लघुपट आणि चहा एवढेच करून पाहा. पहिले सहा महिने दहाच माणसे येतील, येऊ द्यावीत.

या शहरात महोत्सव म्हटला की दादासाहेब फाळके यांच्या प्रतिमेला हार घालून अर्धा तास भाषणे होतात, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, वाटाण्याचे रोप कसे वाढते हे रोज थोडे थोडे चित्रित करून एक छोटी फिल्म केली होती. ती मोजक्या लोकांना दाखवली आणि त्यातूनच पुढच्या चित्रपटाला भांडवल मिळाले. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई करीत आणि साऱ्या चमूचा स्वयंपाकही त्याच रांधत. लघुपट, ओळखीचे प्रेक्षक आणि राबणारे घर, एवढ्यावर सुरुवात झाली होती. भाषणच करायचे तर हे सांगावे.

उत्तर: ध्वनिमुद्रक, सिडको

कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो: लोक कंटाळून उठतात तितकेच ऐकू येत नाही म्हणूनही उठतात. आपल्याकडील बहुतेक सभागृहांची ध्वनियंत्रणा भाषणांसाठी लावलेली असते. तिच्यावर कुजबुजीतला संवाद गुळगुळीत होतो आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवते. आदल्या सायंकाळी प्रत्येक लघुपटाची दोन-दोन मिनिटे त्याच सभागृहात वाजवून पाहावीत आणि आवाजाची पातळी कागदावर लिहून ठेवावी.

दुसरे म्हणजे, प्रवेशिका कुठून येतात ते पाहावे. याच जिल्ह्यातील मालेगावात यंत्रमागांच्या वस्तीतल्या माणसांनी स्वतःच्या बोलीत विडंबनपट केले आणि तिथल्याच लोकांनी ते व्हिडिओ पार्लरमध्ये गर्दी करून पाहिले. बागलाण-कळवणकडून कोणी अहिराणीत लघुपट पाठवला, तर त्याला प्रमाण मराठीची उपशीर्षके देऊन तो दुपारी अडीचला नव्हे, सायंकाळी सहाला लावावा.

उत्तर: नाशिकरोडची वकीलबाई

एक व्यवहाराची बाब. १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते, पण ती बिगरव्यावसायिक प्रदर्शनासाठी आणि नाव नोंदवलेल्या प्रेक्षकांपुरती असते. पुष्कळ आयोजक या नोंदणीला कटकट समजतात. मला ती उपयोगाची वाटते, कारण ज्यांना दर महिन्याला निरोप धाडायचा त्यांची यादी त्यातूनच तयार होते.

बक्षिसे बंद करावीत असे कोणी सुचवण्याआधीच सांगते, तसे करू नये. नव्या मुलांना घरी दाखवायला काहीतरी लागते. फक्त एक बक्षीस असे ठेवावे की ज्याचा निर्णय तिन्ही सत्रे पूर्ण पाहिलेल्या प्रेक्षकांच्या चिठ्ठ्यांवर होईल.

पुन्हा: गंगापूररोडकर

सर्वांचा आभारी आहे. काल आमची बैठक झाली. १२ लघुपटांवर एकमत झाले नाही, १५ वर तडजोड झाली आणि त्यासाठी तास-दीड तास भांडलो. चिठ्ठ्यांचे बक्षीस मात्र सर्वांना पटले. मासिक खेळासाठी एका ओळखीच्या वाचनालयाने वरची खोली देऊ केली आहे. तिथे ४० खुर्च्या मावतात, पडदा नाही, पण भिंत पांढरी आहे. सातपूरच्या त्या तरुणाला दूरध्वनी केला होता. पहिला खेळ त्याच्याच लघुपटाचा ठेवतो आहोत, फक्त त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी असल्याने वेळ सायंकाळी पाचची ठेवावी लागली आहे.