सिरोसिसच्या रुग्णाचं दूध-डाळ तोडायचं का?

मुक्ता: माझ्या मामांना सिरोसिस आहे, म्हणजे यकृत कडक होऊन हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार. घरच्यांनी त्यांचं दूध, अंडी, डाळ सगळं बंद केलंय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हैदराबादचा प्रयोग. १९६८ साली माधवन आणि गोपालन यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दिलं. ज्यांच्या खाण्यात २० टक्के केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, होतं त्यांतल्या अनेकांच्या यकृतात गाठी झाल्या. ५ टक्केवाल्यांना गाठी झाल्या नाहीत. प्रयोग खरा आहे. पण त्यावरून आजारी माणसाचं ताट ठरवणं मला साफ अमान्य. मामांच्या दंडावर मांस उरलेलं नाही, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. यकृत थकलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. म्हणूनच युरोपातल्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगतात.

अवधूत: विष दोन्ही गटांना दिलं होतं ना? फरक होता तो प्रथिनाचा. मग प्रथिनाने गाठ पोसली जाते हे नाकारता कसं? पुढे कॉर्नेल विद्यापीठात ग्लुटेनवर, म्हणजे गव्हातल्या प्रथिनावर, वाढवलेल्या उंदरांत कर्करोगाआधीचे पेशीपुंज कमी होते. त्यात लायसीन मिसळलं आणि ते वाढले. लायसीन तर अत्यावश्यक अमिनो आम्ल, प्रथिनाचाच एक घटक! व्यायामशाळेतल्या पोरांना डबेच्या डबे प्रथिनांची पावडर खपवताना हे कोणी सांगतं का?

मुक्ता: अर्धंच सांगताय. माधवन आणि गोपालन यांनीच १९६५ साली दाखवलं होतं की प्रथिन कमी पडलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या यकृताला त्याच विषाची इजा जास्त होते. कमी प्रथिन म्हणजे सुरक्षित, असं कुठे ठरलं?

बार्शीकर: आमचा शेंगदाण्याचा धंदा आहे. मूळ विषाकडे बघा की, ती बुरशी दाण्यांवरही येते. ओल लागलेले, काळे-हिरवट, सुरकुतलेले दाणे निवडून फेका. भाजून हे विष पुरतं जात नाही. खराब दाण्याचं कूट करू नका.

अवधूत: दाणे निवडावेत, मान्य. पण पावडरीचं काय? निरोगी माणसाला गरजेपेक्षा जास्त प्रथिन कशाला?

मुक्ता: गरजेपेक्षा जास्त कोणालाच नको, त्यावर वाद नाही. मामांना गरजेएवढंही मिळत नाहीये. हिपॅटायटिस बी, दारू, बुरशीचं धान्य ही यकृताच्या कर्करोगाची सिद्ध कारणं, त्यावर घरात कोणी बोलत नाही. वाटीभर वरण मात्र बंद. उद्या त्यांच्या डॉक्टरांसमोर घरच्यांना बसवणार आहे.