मुखपृष्ठ छापील प्रतीत उठून दिसतं, ऑनलाइन मात्र हरवतं

प्रश्न: कादंबरीचं मुखपृष्ठ हातात घेतल्यावर देखणं वाटतं, पण ऑनलाइन यादीत वाचकांची नजर त्यावर ठरतच नाही. काय चुकत असेल?

उत्तर १: चित्र १०० पिक्सेल रुंदीचं करून बघा. शीर्षक वाचता येत नसेल, तर गडबड तिथेच. बारीक टाइपात मात्रा शिरोरेषेत मिसळते, ‘मोर’चा ‘मार’ होतो. जाड टाइप घ्या, दोन ओळींत मोकळी जागा सोडा.

उत्तर २: शिवाय चित्र कृष्णधवल करून पाहा. अक्षरं आणि पार्श्वभूमी एकाच करड्या छटेत विरली, तर लाल-हिरवा कितीही भडक असो, उपयोग शून्य. आणि रहस्यकथेवर फुलंपानं नकोत हो, प्रेमकथा समजून भलताच वाचक येतो!

उत्तर ३: दुकानातल्या फळीवर मात्र बहुतेकदा फक्त कणा, म्हणजे पुस्तकाची बांधणीकडची कड दिसते; शीर्षक तिथेही वाचता यायला हवं. २०० पानं म्हणजे १०० कागद, एका कागदाची जाडी ०.१ मिमी धरली तर कणा १० मिमी, म्हणजे शीर्षकाला जागा तेवढीच.