विषय: आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सासूबाईंना काय दाखवावे?

सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई गुहागरहून दोन महिन्यांसाठी शिकागोला आल्या आहेत. त्यांना आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयातील इम्प्रेशनिस्ट (बदलत्या प्रकाशाचा क्षणिक परिणाम टिपणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शैलीची) चित्रे दाखवावीत अशी इच्छा आहे. परंतु गुडघ्यांमुळे त्यांना दीड तासापेक्षा अधिक फिरवत नाही. नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

———

उत्तर:

नमस्कार वहिनी,

सगळेच पाहण्याचा हट्ट सोडल्यास दीड तास पुरतो. चाकांची खुर्ची तेथे विनामूल्य मिळते. ती संकोच न करता घ्यावी आणि लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जाऊन प्रथम फ्रेंच चित्रकार मोनेची चित्रे गाठावीत.

क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये फ्रान्समधील जिव्हर्नी येथे घराजवळच्या शेतातील पिकाच्या गंजींचे एकच दृश्य निरनिराळ्या प्रहरी, उन्हात आणि बर्फात, पुन्हा पुन्हा रंगवले. त्या मालिकेतील सहा चित्रे येथे आहेत आणि इतकी जगात अन्यत्र कोठेही एकत्र नाहीत. मराठीत त्यांना सर्रास ‘गवताच्या गंजी’ म्हणतात, ते मला खटकते, कारण ते गवत नसून मळणीपर्यंत रचून ठेवलेल्या गव्हाच्या पेंढ्या आहेत, म्हणजे देशावरची सुडी आणि आपल्या सासूबाईंच्या कोकणातली उडवी. माझी आई या चित्रांपुढे उभी राहिली, तेव्हा तिने रंगांविषयी अवाक्षर न काढता, “वरून शाकारली आहे, पाऊस आत जाणार नाही,” एवढेच म्हटले, आणि शंकूसारख्या त्या माथ्याचे प्रयोजन मला अनेक फेऱ्यांनंतर त्या दिवशी कळले. बर्फातल्या चित्राजवळ मात्र थोडे थांबावे; तेथील सावली काळी नसून निळी-जांभळी आहे.

पुढे चित्रकार गुस्ताव्ह कायबॉतचे पावसाळी पॅरिसच्या रस्त्याचे १८७७ मधील चित्र पाहावे. त्यातील ओल्या फरशीची चकाकी दुरूनच खुलते. जॉर्ज सराचे ठिपक्यांनी रंगवलेले, सुमारे तीन मीटर रुंदीचे नदीकाठचे चित्र काटेकोरपणे पाहिल्यास इम्प्रेशनिस्टांच्या पुढच्या पिढीचे आहे, तरीही ते चुकवू नये. त्याने वापरलेला एक पिवळा रंग कालांतराने तपकिरी पडला, त्यामुळे उन्हातली हिरवळ आज काहीशी मळकट दिसते. जवळ गेल्यावर ते ठिपके वेगळे ओळखता येतात.

संग्रहालय आठवड्यातील काही दिवस बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वार पाहून घ्यावा.

आपला,
मंडळाचा एक सभासद